तिसऱ्या कडव्याचा आवाज

लिंबा, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. सकाळी सुमनचा फोन आला. तुझी ही लेक एरवी पुण्याची भाषा बोलते, पण या दिवसांत तिला गावाची बोली परत आलीय. म्हणाली, "काका, तेराव्याला अप्पांचं गाणं लावायचंय. ते समदीकडं वाजतं ते नगं. ते मूळचं, हळू आवाजातलं. अप्पा मनायचे, मुक्तारकाकाकडं हाय, आज ना उद्या देतो मनलाय." मी "बरं बेटा" म्हणालो, फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. तुझ्या नसीमभाभीनं चहा आणून दिला, तो हातातच गार झाला.

ते गाणं माझ्याकडे नाही, लिंबा. चार वर्षं झाली, नाही. तू मागायचास, मी उद्या म्हणायचो. तू परत यायचास, मी परत उद्या म्हणायचो. तुला तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. आता सांगतोय, तर तू शिव्या द्यायला नाहीस. खरं सांगू? एवढी मोठी चूक मी कबूल केली आणि पलीकडून "अबे मुक्त्या" असं काहीच आलं नाही, तेव्हा कुठे मला तू गेल्याचं पटलं. मातीला आलो होतो तेव्हाही पटलं नव्हतं.

परवा तुमच्या वस्तीवर यायचं आहे. सुमनसमोर, कौसावहिनीसमोर बसायचं आहे आणि सांगायचं आहे की ज्याची तुम्ही वाट बघताय तो आवाज मीच पुसला. त्याआधी तुला सांगतो. पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नकोस.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा नांदूरघाटात माझ्याकडे फक्त रेडिओ, टेप आणि भोंगे दुरुस्तीला यायचे. तुझ्या रेडिओची एरियल बकरीनं चावली होती. मी विचारलं, "बकरीनं कावून चावली?" तू तोंड सरळ ठेवून म्हणालास, "बातम्या लागल्या व्हत्या, तिला पटल्या न्हाईत." मी हसेपर्यंत तुझं एक मेंढरू आठवडी बाजारात घुसलं. तू पायरीवर उभा राहून हाक मारलीस. भाजीवाल्या बायकांनी माना वळवल्या, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला रसवंतीवाल्यानं चरक थांबवला, आणि ते मेंढरू गर्दीतून सरळ परत आलं. मग काखेतल्या कोकराशी तू काहीतरी बोललास. मी हातभर अंतरावर होतो, मला ऐकू आलं नाही. कोकराला मात्र ऐकू आलं असावं, कारण त्यानं ओरडणं थांबवलं. त्याच दिवशी मी ठरवलं, की माझ्याकडे कधी रेकॉर्डिंगचं सामान आलं तर पहिला हा माणूस गाठायचा.

सामान आलं, माडीवरची खोली रिकामी केली, पण भिंतींवर आवाज आपटून परत यायचा. जो तो काहीबाही सुचवत होता. तू घरातल्या जुन्या घोंगड्या डोक्यावर घेऊन आलास आणि चारी भिंतींना टांगल्यास. आवाज एकदम बसला. फक्त पावसाळी हवेत खोलीला मेंढरांचा वास यायचा आणि बाहेरगावचे गायक शिंकायचे. एक भजनी बुवा नाकाला उपरणं लावून म्हणाले, "इथं कळप बांधता का?" तू कोपऱ्यातून म्हणालास, "व्हय, पर गाणारे." बुवा पुन्हा आले नाहीत. तुझ्यामुळे गेलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. पुढे आणखी बरेच गेले, पण नावं घेत बसत नाही.

मग माझ्या हाताला कॉम्प्रेसर आणि लिमिटर लागले आणि माझं डोकं फिरलं. तुला शंभरदा समजावलंय, तरी परत सांगतो, कारण हे सुमनही वाचेल. गाण्यात काही जागा मोठ्या आवाजाच्या असतात, काही बारीक. मोठ्या जागा आधीच छताला टेकलेल्या असतात, त्यामुळे अख्खं गाणं आणखी वर उचलता येत नाही. कॉम्प्रेसर त्या मोठ्या जागा जरा दाबून खाली आणतो. लिमिटर त्याहून कडक, तो आखलेल्या रेघेच्या वर कुणाचं डोकं जाऊच देत नाही. अशी डोकी खाली बसवली की सगळं गाणं उचलायला मोकळं. बारीक जागाही वर येतात, आणि मोबाईलवर, टेम्पोवर, मंडपात आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा जोरात लागतं. गिऱ्हाईकाला दुसरं काय हवं असतं? जो तो येऊन एकच सांगतो, "मुक्तारभाई, दणका बसला पायजे." मी दणका द्यायचो. केजपर्यंत माझ्या दणक्याचं नाव झालं होतं, हे तूही नाकारू शकत नाहीस.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मंजी मेंढा बी तेवढाच अन् कोकरू बी तेवढंच?"

मी म्हणालो, "तसं म्हण."

"मग कळपात वळखायचं कसं बे?"

"कळप नाही लिंबा, गाणं आहे."

"तेच तर मी मनायलोय," तू म्हणालास, आणि माझ्या वाटणीचा चहाही पिऊन टाकलास.

हारूनच्या डाळिंबांचं तर तू गावभर करून सांगितलंस. हारून माझा मावसभाऊ, हातगाडीवर फळं विकतो. ओरडून ओरडून घसा बसला म्हणून गाडीवर लावायला आवाज भरून मागायला आला. "गोड डाळिंब, लाल डाळिंब, या ताई, बघून घ्या." मी तो आवाज दाबला, उचलला, परत दाबला, परत उचलला. तू शेजारी बसून ऐकत होतास. शब्दांच्या मधला हारूनचा श्वासही आता शब्दाइतकाच मोठा झाला होता. तू म्हणालास, "ह्यो डाळिंब इकायलाय का दम्याचं औषध?" मी तुझ्याकडे दुर्लक्ष केलं. तिथेच चुकलो. आवाज भरताना खालच्या जिन्यात नसीम शेजारच्या काकूंना काहीतरी सांगत होती. ते इतकं बारीक होतं की मला ऐकूच आलं नव्हतं. सगळं वर उचललं तेव्हा तेही वर आलं. दुसऱ्या दिवशी हारूनची गाडी गल्लीत फिरायला लागली. "गोड डाळिंब, लाल डाळिंब," मग दमेकऱ्याचा श्वास, आणि मग माझ्या बायकोचा आवाज, "अवो, दूध उतू चाललंय!" गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून गॅसकडे पळाल्या. पळून आल्यावर एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसत हसत गाडीभोवती जमल्या. संध्याकाळी गाडी रिकामी. मी दुसरं भरून देतो म्हणालो तर हारूननं हात जोडले. अजून तेच वाजतं. मी तुला ऐटीत म्हणालो, "बघ, माझ्या बटणाची कमाल." तू म्हणालास, "डाळिंबं दुधावर गेली बे. तुझ्या बटनावर न्हाई."

नसीम चार महिने त्या गल्लीत गेली नव्हती.

आता तुझ्या गाण्यावर येतो. इतका वेळ डाळिंबं सांगत बसलो ते उगाच नाही, यायला नको वाटतंय म्हणून.

ते कोकराचं गाणं तू स्वतः बांधलंस. पहिल्या कडव्यात दिवस मावळताना हरवलेल्या कोकराला हाका, दुसऱ्यात ते घळीत सापडतं, तिसऱ्यात ते मांडीवर झोपतं. उन्हाळ्याची दुपार होती. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, चारी बाजूंना लोकर. आपण दोघं उकडून निघालो होतो. मी तुला माईकपासून किती लांब उभं राहायचं ते सांगायला लागलो, तर तू ऐकलंच नाहीस. हाका मारताना तू आपणहून मागं सरलास, पार घोंगडीला पाठ लागेपर्यंत, तोंड जरा बाजूला वळवून. कुणी शिकवलं होतं तुला? माझ्या मशीननं जे केलं असतं ते तू पायांनी केलंस. आणि तिसऱ्या कडव्याला पुढं आलास, माईकवर वाकलास, आणि म्हणालास, "नीज रं माझ्या तांबड्या, माय गेलीया पाण्याला."

कानाला हेडफोन लावून मी बसलो होतो. कसम सांगतो, मला वाटलं तू माझ्या कानात कुणालातरी झोपवतोयस. हललो तर ते जागं होईल म्हणून मी हललो नाही. गाणं संपल्यावर मी काय म्हणालो आठवतं? "ठीक आहे." एवढंच. डोळे पुसले ते घामाच्या नावाखाली. लिंबा, ते ठीक नव्हतं. माझ्या माडीवर त्याच्या आधी आणि नंतर इतकं सुंदर कुणी गायलं नाही. हेही तुला सांगायचं राहिलं. तू डोक्यावर चढशील अशी भीती वाटली असावी.

आणि मग मी ते दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं, हाताला सवय लागली होती. वर ढोल चढवला, परत दाबलं, लिमिटर लावून जिथवर जाईल तिथवर नेलं. गाणं धावलं की रे! लग्नात वाजलं, जत्रेत वाजलं, लोकांच्या मोबाईलमध्ये शिरलं. तू मेंढरं घेऊन कडा गावाकडे गेलास तर साखर कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर तुझंच गाणं. तिथं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तुला विचारलं म्हणे, की हा बाबा कोकराला झोपवतोय का दम देतोय? त्याला काय माहीत तो बाबा समोरच उभा आहे. तू त्याला सांगितलंस, "दम देतोय. लई वांड कोकरू हाय." आणि परत आल्या आल्या, पायताणही न काढता माझ्या माडीवर आलास.

"मुक्त्या, यात मी हाय कुठं बे?"

"जोरात आहेस की. आख्ख्या जिल्ह्यात आहेस."

"जोरात हाय रे. हळू कुठाय? माझं हळू मला दे."

मी म्हणालो, "ट्रॅक्टरच्या आवाजात तुझं कुजबुजणं कोण ऐकणार?" ते चूक नव्हतं, लिंबा. आजही चूक वाटत नाही. पण तू म्हणालास, "ट्रॅक्टरसाठी ते ऱ्हाऊ दे. घरासाठी दुसरं दे." म्हणून संगणक उघडला.

आता ऐक. एकाच नावानं साठवायची माझी घाणेरडी सवय. दाबलेलं गाणं मी पहिल्या गाण्यावरच साठवलं होतं. एक प्रत वेगळी होती, तिचं नाव मी ठेवलं होतं 'लिंबा कच्चं'. लगनसराईत वरातींची गाणी भरायला आली, संगणकात जागा उरेना, आणि मी मनाशी म्हणालो, पक्कं तयार झालंय, आता कच्चं कशाला ठेवायचं? माझ्याच हातानं उडवलं. गावातला कुणी शहाणा माणूस कच्चा माल असा फेकत नाही, पण मी फेकलं.

दाबलेलं पुन्हा उठवायचाही प्रयत्न केला. तिसरं कडवं हातानं खाली आणलं. बारीक झालं, पण सपाट. श्वास आणि शब्द एकाच मापाचे. 'पाण्याला' म्हणताना तू शेवट सोडून द्यायचास, तो विरत जायचा, तो आता विरेना. मागं ढोल, तो काढता येईना. तू जिन्यात उभा होतास. मी म्हणालो, "लिंबा, डिस्क बिघडलीय. उद्या देतो."

पहिलं उद्या ते. पुढची मला सगळी आठवत नाहीत, तुला आठवत असतील. डिस्क बीडला दिलीय. बीडवाला म्हणतो पुण्याला पाठवायची. पुण्याचा माणूस आजारी आहे. माणूस बरा झाला, आता ऊन फार, मशीन तापतं. तू दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायचास, मेंढरं माळावर भावाच्या हवाली करून, आणि मांडी घालून बसायचास. "काय मनती डिस्क?" असं एखाद्या आजारी सुनेची चौकशी करावी तसं विचारायचास. एकदा विचारलंस, "ऊन लागलं तर तिला कांदा हुंगवला का?" एकदा कौसावहिनींनी केलेले बाजरीचे उंडे फडक्यात बांधून आणलेस आणि म्हणालास, "त्या पुण्यावाल्याला दे. गरीब लई दिवस झटायलंय." ते मी आणि नसीमनं खाल्ले. लाज वाटत होती, तरी चार खाल्ले, कारण ते छान झाले होते.

आणि मग डिस्कची चौकशी झाली की तू विषय काढायचास तोच, किती दाबायचं. तो वाद काही तू एकट्यानं जिंकला नाहीस, हेही इथं लिहून ठेवतो. लिंबागणेश गावात देवळापुढं तुझा कार्यक्रम होता. तू मला बजावलंस, "आज बटनाला हात लावायचा न्हाई." मी हात बांधून बसलो. पहिलं कडवं झकास. तिसऱ्याला तू हळू झालास आणि जनरेटरनं तुला गिळून टाकलं. पुढच्या रांगेतलं बाळ रडलं, मागं शेंगा फोडायला लागले, कुणाला वाटलं गाणं संपलं, म्हणून टाळ्याही वाजल्या. तू गात होतास आणि लोक टाळ्या वाजवत होते! तू माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केलीस. मी जरासं दाबलं, जरासं उचललं. तेच कडवं तू परत म्हटलंस आणि शेंगा थांबल्या. उतरल्यावर तू म्हणालास, "थोडं चालतंय." मी म्हणालो, "बघ." तू म्हणालास, "थोडं मनलो बे. तू भाकरीत मीठ घालायच्या ऐवजी मिठात भाकरी घालतूस." त्या थोड्याचं माप किती, यावर आपण आणखी दोन वर्षं भांडलो. माप ठरलं नाही. ते आता ठरायचंही नाही.

आज बुधवार. परवा यायचं आहे. इथं थांबतो.

*

पुढचं लिहितोय ते तेराव्यानंतर.

लिंबा, मी आधी एक वाईट काम केलं ते सांगतो. काल दिवसभर माडीवर बसून मी तुझं खोटं मूळ गाणं तयार केलं. ढोल जमेल तितका गाडला, तिसरं कडवं खाली आणलं, शब्दांचे शेवट एकेक करून हातानं विरवले. वाईट झालं नव्हतं. सुमननं मूळ कधी ऐकलेलंच नाही, तिला काय कळणार होतं? पेनड्राइव्ह खिशात घालून वस्तीवर आलो. वाटेत ठरवलं होतं, देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

वस्तीवर माणसं दाटली होती. तुझ्या भावानं पाण्याचा तांब्या दिला. सुमन धावत आली, मी पेनड्राइव्ह काढला, तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला. लिंबा, प्रसाद घेतात तसा घेतला रे. म्हणाली, "हेच का काका? अप्पांचं?"

तोंडात 'हो' आला होता. पण तिचं नाक तुझं आहे, आणि ती बघते पण तुझ्यासारखीच, समोरच्याला घाई न करता. मी म्हणालो, "नाही बेटा. हे मी काल केलं. अप्पाचं होतं ते मी पुसलं. चार वर्षं झाली. तो मागायचा आणि मी खोटं सांगायचो."

ती तिथंच खाली बसली, पेनड्राइव्ह मुठीत धरून. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या कौसावहिनी म्हणाल्या, "आता सांगतलं व्हय भाऊ? लई येळ लावला."

मी विचारलं, "म्हणजे?"

"त्यांना ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "मला बी ठावं व्हतं. तुमच्या नसीमभाभीनं त्याच हप्त्यात सांगतलं आमाला. रडत व्हत्या. मनल्या, त्यांच्यानं सांगवंना, तुमी रागावू नका."

"मग तो मागत कावून होता?" माझा आवाज चढला. "चार वर्षं, वहिनी! दर बाजाराला!"

"मी बी तेच इचारलं. गेलंय तर मागता कावून? तर मनले, गेलंय हे मला ठावं हाय असं त्याला कळलं, तर त्यो तोंड चुकवील. मी पायरी चढलो की माडीवर दडून बसंल. मागत ऱ्हायलो तर निदान उद्या मनाया तरी बसवून घेतो." वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि हसल्या. "अन् घरी आले की सांगायचे, आज डिस्क कुठवर गेली. आमी दोघं हसायचो. पुण्याचा मानूस आजारी पडला तवा तर मला ठसका लागला."

सुमन आधी रडली का आधी हसली, मला सांगता येणार नाही. ती आईला म्हणाली, "अन् मला कावून सांगतलं काकाकडं हाय म्हणून?"

"तू काकावर राग धरशील म्हणून."

मग तिनं आईला विचारलं, ते कडवं होतं तरी कसं? वहिनी म्हणाल्या, मला कुठं गाता येतंय. पण म्हटलं त्यांनी. गाऊन नाही, बोलल्यासारखं, अगदी बारीक आवाजात. सुमननं कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. मी दोन हात अंतरावर बसलो होतो, मला अर्धंच ऐकू आलं, आणि माझा मोबाईल माझ्या खिशातच राहिला. जोरातलं गाणं मग दुपारी लागलं, ढोलासकट. जेवणाच्या पंगतीत लोकांना तेच हवं होतं, आणि तुझ्या भावाचा तर तिसऱ्या कडव्यालाही पाय हलत होता.

घरी येऊन नसीमला विचारलं, "तू त्याला सांगितलं होतंस?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उसीच हप्ते में बोल दी थी."

"मग मला कावून सांगितलं नाहीस, की त्याला माहीत आहे?"

"तुमने उसकू कब बोले?" ती म्हणाली आणि निवडत राहिली.

तर लिंबा, माझ्या घरात, तुझ्या घरात, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि पुण्याला पाठवलेल्या डिस्कवर विश्वास ठेवणारा मी एकटाच उरलो होतो. मी त्याच आठवड्यात तुला तोंडावर सांगितलं असतं, तर तू दोन शिव्या दिल्या असत्यास आणि विषय मिटला असता. मग तुला दर बाजाराला माझी पायरी चढायचं कारण राहिलं नसतं. तू माळावरून उन्हातान्हात चालत यायचास ते गाण्यासाठी नाही, हे मला तू गेल्यावर कळलं, आणि त्याची मला लाज वाटते, आणि त्याचाच आनंदही होतो. तुझं गाणं मी पुसलं त्याची माफी मागायची आहे. ते पुसलेलं असतानाही तू चार वर्षं मागत राहिलास त्याचे आभार मानायचे आहेत. आधी कोणतं म्हणू ते कळेना. दोन्ही घे बे.